गोळी फुकट आहे, पण ती हातात देणारं माणूस हवं



दर महिन्याच्या बैठकीत आपण बचत मोजतो, हप्ते मोजतो आणि गैरहजर कोण तेही लिहून ठेवतो. एखादी ताई लागोपाठ दोन बैठकांना आली नाही, तर कुणीतरी तिच्या दारात जाऊन विचारतं, "काय गं, बरं आहे ना?" रजिस्टरात गैरहजेरीची खूण असते, पण दारात जायला माणूसच लागतं.

या वेळी आपण एचआयव्हीच्या उपचाराबद्दल बोलणार आहोत. "हा विषय आपल्या गटात कशाला?" असं काही जणींना वाटेल. महाराष्ट्रात सुमारे चार लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत आणि देशात सगळ्यात मोठा आकडा आपल्याच राज्याचा आहे. खडवलीपासून कसाऱ्यापर्यंतच्या गावापाड्यांत अशी माणसं नसतील असं कुणी म्हणू शकत नाही. त्यातल्या अनेकींनी हे घराबाहेर कुणालाच सांगितलेलं नाही. कदाचित आपल्याच गटात, आपल्या शेजारी बसलेली एखादी असेल.

औषध सरकार फुकट देतं. मग अडतं कुठे? ते औषध बाईपर्यंत पोहोचवणाऱ्या माणसांच्या जागा रिकाम्या पडल्या, की अडतं. ते कसं, आणि त्यात आपण काय करू शकतो, ते पाहू.

आधी उपचाराची गोष्ट

आपल्या देशात सरकारी दवाखान्यांतून एचआयव्हीचं औषध मोफत द्यायला १ एप्रिल २००४ रोजी सुरुवात झाली. तेव्हा संपूर्ण देशात फक्त आठ सरकारी रुग्णालयं होती. त्यात मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. त्याआधी औषध विकत घ्यावं लागायचं आणि ते गरिबाच्या आवाक्याबाहेरचं होतं. घरातला कर्ता माणूस वर्ष-दोन वर्षांत झिजून गेला, हे आपल्यातल्या मोठ्या बायांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पुढे केंद्रं वाढली. या उपचाराला एआरटी म्हणतात, आणि तो जिथे मिळतो त्याला एआरटी केंद्र. सुरुवातीला रोगप्रतिकारशक्ती ठरावीक पातळीच्या खाली गेल्यावरच औषध सुरू करायचे. २०१७ पासून नियम बदलला. आता तपासणी पक्की झाली की लवकरात लवकर औषध सुरू होतं. पूर्वी मूठभर गोळ्या असायच्या. आता बहुतेक मोठ्या माणसांना दिवसाला एकच गोळी घ्यावी लागते. त्या एका गोळीत तीन औषधं असतात.

ही गोळी रोज घेतली तर माणूस धडधाकट राहतो, शेतात राबतो, पोरं वाढवतो. रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसाच दबलेला राहिला तर शारीरिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईने उपचार घेतला नाही तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते. वेळेवर घेतला तर हे प्रमाण पाचाच्या खाली येतं.

पण गोळी आयुष्यभर घ्यायची असते. मध्येच सोडली, की दबलेला विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. वारंवार खंड पडला, तर तेच औषध पुढे चालेनासंही होऊ शकतं. म्हणजे पहिल्या दिवसाची गोळी जितकी महत्त्वाची, तितकीच हजाराव्या दिवसाचीही. त्या हजार दिवसांत बाई गळून जाऊ नये, म्हणून मागे माणसांची एक साखळी लागते.

साखळीत कोण कोण?

समजा, आपल्या गावातली एक सून पहिलटकरीण आहे. अंगणवाडीत आरोग्य व पोषण दिन असतो, तिथे आशाताई तिला घेऊन येते. उपकेंद्राची नर्सताई बोटाला टोचून थेंबभर रक्त घेते आणि किटवर तपासते. शंका आली तर सुनेला मोठ्या दवाखान्यातल्या तपासणी केंद्रात पाठवतात. याला आयसीटीसी म्हणतात. तिथे समुपदेशक आधी तिच्याशी एकांतात बोलतात आणि तिची संमती घेतात. मग प्रयोगशाळा तंत्रज्ञ वेगवेगळ्या किटवर तपासणी करून निदान पक्कं करतात. नवऱ्यालाही तपासणीसाठी बोलावलं जातं.

पुढे एआरटी केंद्र. तिथे नोंद होते, डॉक्टर तपासतात, क्षयरोगाची लक्षणं आहेत का ते विचारतात, रक्त घेतात. समुपदेशक गोळी कधी घ्यायची, विसरली तर काय करायचं, घरात कुणाला सांगायचं, हे समजावतात. औषधनिर्माता गोळ्या मोजून देतात. नर्स वजन बघतात. नोंदी ठेवणारा माणूस तिची पुढची तारीख संगणकात टाकतो. ती तारखेला आली नाही तर फोन करायला एक समन्वयक असतो. सहा महिन्यांनी, वर्ष झाल्यावर आणि पुढे वर्षातून एकदा विषाणूचं प्रमाण मोजायला रक्त द्यावं लागतं. बाळ झालं की त्याला काही आठवडे औषध देतात. सहा आठवड्यांनी त्याची पहिली तपासणी होते आणि १८ महिन्यांचं झाल्यावर शेवटची.

आता हात मोजा. आशाताई, नर्सताई, दोन ठिकाणचे समुपदेशक, तंत्रज्ञ, डॉक्टर, औषधनिर्माता, केंद्रातली नर्स, नोंदी ठेवणारा, समन्वयक. एका सुनेसाठी आणि तिच्या बाळासाठी दहा माणसं, तीही अनेक महिने. त्यातला एक हात सुटला तरी ती सून रस्त्यात हरवू शकते.

हात सुटतो कसा?

या कामातले बरेच कर्मचारी कंत्राटी आहेत. राज्य एड्स नियंत्रण संस्थेमार्फत त्यांची नेमणूक होते आणि ठरावीक मुदतीने कंत्राट वाढतं. कुणाला दुसरीकडे कायम नोकरी लागते, तो जातो. जागा भरायला वेळ जातो. तोपर्यंत त्याचं काम दुसऱ्याच्या डोक्यावर येतं.

कागदावर ही फक्त "एक पद रिक्त" एवढीच गोष्ट दिसते. पण बाईच्या बाजूने बघा. ज्या समुपदेशक बाईंना तिने महत्प्रयासाने सांगितलं होतं की नवरा दारू पिऊन गोळ्या फेकून देतो, त्या आता नाहीत. नव्या माणसासमोर पुन्हा पहिल्यापासून सगळं उघडं करायचं. कित्येक जणी मग गप्पच बसतात. "सगळं ठीक आहे" म्हणतात, गोळ्या घेऊन येतात, आणि पुढच्या वेळी येतच नाहीत.

गावातल्या बाजूलाही तीच कथा. केंद्र सरकारच्या निकषाप्रमाणे साध्या भागात पाच हजार लोकांमागे आणि आदिवासी-डोंगरी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र असावं. तिथल्या नर्सताईकडे लसीकरण आहे, बाळंतपणं आहेत, क्षयरोग आहे, अॅपवरच्या नोंदी आहेत. आशाताईंचं तर तुम्हाला सांगायला नको, आपल्यातल्या काही जणी स्वतःच आशा आहेत. मोबदल्यासाठी २०२४च्या सुरुवातीला राज्यभरातल्या आशाताईंना संप करून आझाद मैदानात बसावं लागलं. कामाचा बोजा वाढतो, पैसा वाढत नाही आणि दोष मात्र "फॉलोअप झाला नाही" म्हणून खालच्या माणसावर येतो.

गर्दीचं गणित

आपण हिशेबाच्या बाया आहोत, तर हिशेबच करू. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत.

समजा, एका केंद्रात १,८०० माणसं औषध घेतात. सगळी दर महिन्याला येतात. वर्षाच्या फेऱ्या झाल्या २१,६००. कामाचे दिवस ३०० धरले तर रोज ७२ माणसं. दोन समुपदेशक असतील तर एकाच्या वाट्याला ३६. दिवसाचे सहा तास म्हणजे ३६० मिनिटं, म्हणजे माणशी १० मिनिटं. त्यातला एक समुपदेशक नोकरी सोडून गेला. आता माणशी उरली ५ मिनिटं. तेवढ्यात नाव विचारायचं, गोळ्या मोजायच्या, नोंद करायची. मनातलं विचारायला वेळच नाही.

आता दुसऱ्या बाजूने बघा. ज्यांची तब्येत स्थिर आहे, विषाणू दबलेला आहे, त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या तर? सगळे १,८०० तसे आहेत असं धरलं, तर वर्षाला फेऱ्या ७,२००, म्हणजे रोज २४ माणसं. एकच समुपदेशक असला तरी माणशी १५ मिनिटं मिळतात. प्रत्यक्षात सगळेच स्थिर नसतात. नवीन, आजारी आणि गरोदर बायांना वरचेवर यावंच लागतं. पण स्थिर माणसांच्या फेऱ्या कमी झाल्या, की त्यांच्यासाठी वेळ मोकळा होतो.

आणि आपला खर्च? खडवलीहून ठाणे-उल्हासनगरकडे जायचं तर सकाळची लोकल पकडायची. उल्हासनगरला जायचं तर कल्याणला गाडी बदलायची. पाड्यावरून स्टेशनपर्यंत यायचे रिक्षाचे पैसे वेगळे. दिवसाचा रोजगार बुडतो. लावणीच्या दिवसांत हे परवडत नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाला तर मालकाला काय सांगून निघायचं, हाच प्रश्न. वर्षाला बारा फेऱ्यांऐवजी चार झाल्या, तर आठ दिवसांचा रोज वाचतो.

तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायची पद्धत आपल्याकडे आहे. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये तिचं मोल कळलं. त्या मार्चमध्ये आपली लोकल बंद झाली, आणि खडवलीच्या माणसाला लोकल नाही म्हणजे जगच बंद. तेव्हा एकदम तीन महिन्यांचं औषध देण्याच्या आणि माणूस जिथे अडकला असेल तिथल्या जवळच्या केंद्रातून औषध मिळण्याच्या सूचना निघाल्या. अनेक ठिकाणी स्वतः एचआयव्हीसह जगणाऱ्या कार्यकर्त्यांनी लोकांच्या घरापर्यंत गोळ्या पोहोचवल्या.

स्थिर तब्येतीच्या माणसाला घराजवळच्या रुग्णालयातून गोळ्या घ्यायची सोयही आहे. त्याला लिंक एआरटी केंद्र म्हणतात. मात्र तिथे बहुतेक वेळा वेगळा कर्मचारी नसतो. त्याच रुग्णालयातले डॉक्टर, नर्स आपलं काम सांभाळून हेही बघतात. म्हणून आज कोण आहे, कोण रजेवर आहे, हे आधी विचारून गेलेलं बरं.

इतर देशांनी काय केलं?

आफ्रिकेत मलावी नावाचा छोटा, गरीब देश आहे. २००४ मध्ये, म्हणजे आपल्याच वर्षी, तिथे मोफत उपचार सुरू झाला. पण डॉक्टर बोटांवर मोजण्याइतके. म्हणून डॉक्टर नसलेले पण काही वर्षांचं वैद्यकीय शिक्षण घेतलेले आरोग्य अधिकारी आणि नर्सेस यांना शिकवून औषध सुरू करायची परवानगी दिली. दक्षिण आफ्रिकेतही २०१० पासून नर्सेस औषध सुरू करू लागल्या.

मलावीने आणखी एक गोष्ट केली. गरोदर बायांपैकी कुणाला आयुष्यभर औषध द्यायचं, हे ठरवायला रक्ताची एक खास तपासणी लागायची. गावच्या दवाखान्यात ना मशीन, ना तंत्रज्ञ. तेव्हा २०११ मध्ये त्यांनी ठरवलं, की वाट बघायची नाही, लागण असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला लगेच आणि आयुष्यभर औषध द्यायचं. तीच पद्धत पुढे जगाने घेतली. आपल्या देशात ती २०१४ पासून आली.

मोझांबिक देशाची गोष्ट तर ऐकताच आपली वाटेल. तिथल्या टेटे प्रांतात २००८ मध्ये उपचार घेणाऱ्या माणसांचे छोटे गट केले. एका गटात जास्तीत जास्त सहा जण. दर महिन्याला एकच जण दवाखान्यात जायचा आणि सगळ्यांच्या गोळ्या आणायचा. पुढच्या महिन्यात दुसऱ्याची पाळी. ज्याची पाळी त्याची तपासणीही होऊन जायची. त्यामुळे प्रत्येकाला सहा महिन्यांतून एकदाच लांबची वाट चालावी लागायची. गावात परत आल्यावर गट जमायचा, कोण गोळ्या घेतंय, कोण आजारी आहे, हे एकमेकांना विचारायचा. बचत गटात पैसे जमा करतात, तिथे गोळ्या वाटत होते, एवढाच फरक.

आपल्याकडे सांगलीत संग्राम ही संस्था १९९२ पासून वेश्याव्यवसायातल्या बायांबरोबर काम करते आहे. त्या बायांनीच एकमेकींना एचआयव्हीची माहिती दिली, निरोध पोहोचवले, आणि १९९६ मध्ये स्वतःची संघटना उभी केली. ज्या दारात सरकारी माणूस पोहोचत नव्हता, तिथे बाईच बाईपर्यंत पोहोचली.

काम वाटणं वेगळं, काम ढकलणं वेगळं

आता हे वाचून कुणी म्हणेल, "झालं मग! डॉक्टरचं काम नर्सवर, नर्सचं आशावर, आशाचं बचत गटावर. बायाच करतील सगळं." सख्यांनो, इथे सावध राहायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. कामं खालच्या फळीकडे सोपवता येतात, असं त्यात म्हटलं आहे. पण त्यासोबत अटीही आहेत. माणसाला नीट प्रशिक्षण हवं, वर देखरेख हवी, अडलं तर विचारायला वरचा माणूस हवा, आणि कामाचा योग्य मोबदला हवा. कायमची गरजेची आरोग्यसेवा फुकट राबणाऱ्या स्वयंसेवकांच्या जिवावर चालू शकत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे.

म्हणून आपला नियम सोपा असावा. औषध, तपासणी आणि समुपदेशन हे शिकलेल्या, पगारी माणसाचं काम. ती जागा रिकामी असेल तर ती भरा म्हणून मागणी करायची, आपण तिथे जाऊन बसायचं नाही. मोझांबिकमधले ते सहा जणही फक्त गोळ्या आणत होते. तपासणी दवाखान्यातच होत होती.

मग आपण काय करावं?

पहिली गोष्ट, गुपित सांभाळा. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय कुणाची माहिती उघड करणं नाही, आणि नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर यात भेदभाव नाही, असं तो सांगतो. म्हणून गटात कधीही "कुणाला आहे?" असं विचारू नका, यादी करू नका. मोझांबिकसारखा गट गावात आपणहून उभा करायलाही जाऊ नका. तसा गट ज्यांचा आजार आहे त्यांनी स्वतः ठरवून, केंद्राच्या मदतीनेच व्हायला हवा.

दुसरी गोष्ट, कारण न विचारता मदत करा. बऱ्याच गटांत दवाखान्यासाठी अंतर्गत कर्ज मिळतं. "कुठल्या दवाखान्याला?" या प्रश्नाचं उत्तर न देता ते मिळायला हवं. फक्त "आरोग्य" एवढंच रजिस्टरात लिहा. एखादीला दर तीन महिन्यांनी एक दिवस जावं लागतं, तर बैठकीची तारीख पुढेमागे करा, दंड लावू नका.

तिसरी गोष्ट, ही माहिती सगळ्यांना द्या. एखादीला वेगळं बोलावू नका, भर बैठकीत सगळ्यांना सांगा. तब्येत स्थिर असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारता येतं. जवळच्या लिंक केंद्राबद्दल विचारता येतं. भट्टीवर किंवा माहेरी बराच काळ जायचं असेल, तर आधी केंद्रात सांगून तिकडच्या केंद्रातून औषधाची सोय करून घेता येते. उपचाराचं हिरवं पुस्तक बरोबर ठेवायचं. संजय गांधी निराधार योजना आणि प्रवासाच्या सवलतींबद्दल समुपदेशकांना विचारायचं. गोळ्यांत खंड पडला असेल तरी लाजू नये, परत जावं. परत येणाऱ्याला उपचार नाकारता येत नाही.

चौथी गोष्ट, रिकाम्या जागांबद्दल विचारा. गावात ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण कल्याण समिती आहे, ग्रामसभा तर आपलीच आहे. कुणाचंही नाव न घेता तिथे हे प्रश्न विचारता येतात:

• आपल्या उपकेंद्रात आणि आरोग्य केंद्रात मंजूर पदं किती, भरलेली किती?
• गरोदर बायांच्या एचआयव्ही तपासणीच्या किट आहेत का? तपासणी ठरलेल्या दिवशी होते का?
• प्रयोगशाळा तंत्रज्ञ आठवड्यातून किती दिवस असतात?
• जवळच्या तपासणी केंद्रात समुपदेशक आहेत का? नसतील तर कधीपासून?
• आशाताईंचा मोबदला वेळेवर येतो का?

उत्तर लेखी मागा आणि ग्रामसंघाच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. पुढच्या ग्रामसभेत तोच कागद काढून पुन्हा विचारा. कर्जाच्या थकबाकीचा पाठपुरावा आपण जसा करतो, अगदी तसाच.

शेवटची गोष्ट. केंद्रात जो समुपदेशक किंवा नर्स आहे, ती आपली शत्रू नाही. दिवसाला सत्तर माणसं बघून तिचाही आवाज चढतो. तिची बाजू घेऊन "इथे आणखी एक माणूस द्या" असं जेव्हा गावच्या बाया म्हणतात, तेव्हा त्याचं वजन वेगळं असतं. तिने एकटीने केलेली मागणी फाइलीत राहते.

एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७ हा सरकारचा मोफत फोन क्रमांक आहे. नाव सांगावं लागत नाही. हा क्रमांक आरोग्य, शाळा, पोलीस अशा बाकीच्या क्रमांकांबरोबर गटाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ज्या ताईला लागेल ती न विचारता बघून घेईल.